तोटीखाली तांब्या मावत नाही : बिनविजेच्या फिल्टरचा नऊ महिन्यांचा अनुभव

मी भांडुपला राहतो आणि आई-बाबा शहापूर तालुक्यातल्या गावी भातशेती करतात. मुंबईची तहान भागवणारी भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणे त्याच तालुक्यात आहेत, पण आमच्या घरचे पिण्याचे पाणी आजही विहिरीचेच आहे. गावी विजेचा भरवसा नसल्यामुळे मागच्या मे महिन्यात वीस लिटरचा, दोन कँडलचा (कँडल म्हणजे पाणी झिरपवून गाळणारी मातीची नळी) स्टीलचा फिल्टर घेऊन मी तो कसारा लोकलने गावी पोहोचवला.

आषाढात विहिरीचे पाणी लाल झाले आणि कँडल चोंदून धार थेंबावर आली. जुन्या लुगड्याच्या चार पदरांतून पाणी गाळून वरच्या भांड्यात ओतणे आणि दर आठवड्याला कँडल साबण न लावता मऊ ब्रशने घासणे, एवढ्याने ती तक्रार मिटली.

खरा दोष तोटीत आहे आणि तो कळायला श्रावण उजाडावा लागला. पुतणीला जुलाब सुरू झाले, ओआरएसवर ती सावरली. त्याच वेळी आशाताईंनी फिल्टरच्या खालच्या भांड्यातले पाणी तपासणीच्या एच-टू-एस बाटलीत भरून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी ते काळेकुट्ट झाले, म्हणजे पाणी दूषित होते. मी संतापून सेवा केंद्राला फोन केला. खरेदी मुंबईची असली तरी फिल्टर ज्या पिनकोडवर वापरला जातो तिथे आमचा माणूस जात नाही, असे उत्तर मिळाले. कँडल निकृष्ट आहे, अशी त्या दिवशी माझी ठाम समजूत झाली होती आणि ती चुकीची होती.

गणपतीला गावी गेलो तेव्हा कारण समोरच दिसले. आमच्याकडे फिल्टर जमिनीवर ठेवलेला असे आणि तोटीच्या तोंडापासून जमिनीपर्यंतचे अंतर मी मोजले, ते जेमतेम साडेचार इंच भरले. तिथे पेला मावतो, तांब्या मावत नाही. शेतावर जाणाऱ्या माणसाला पेल्याने कळशी भरत बसायला वेळ नसतो. बाबा गोठ्यातून आले, हातावर नुसते पाणी घेतले, रिकामे झालेले वरचे भांडे अलगद बाजूला केले आणि तांब्या खाली बुडवला, तेव्हा त्यांची चारही बोटे गाळलेल्या पाण्यात होती.

कँडल गाळ आणि बहुतांश जिवाणू अडवते, पण गाळून झालेल्या पाण्याला पुढे राखण करणारे काही त्यात उरत नाही. भांडुपच्या नळाला जे पाणी येते त्यात थोडे क्लोरीन शिल्लक असते (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम सांगितले आहे), म्हणून इथे हंड्यात पेला बुडवला तरी काही अंशी निभावते. गावच्या विहिरीत टीसीएल पावडर (क्लोरीनची जंतुनाशक पूड) पडते तेव्हा बाबा वासाची तक्रार करतात, पण त्या वासाचा उपयोग काय, हे मला स्वतःलाही तोवर नीट उमगले नव्हते.

कंपनीचा उंच स्टँड स्वतंत्रपणे साडेनऊशे रुपयांना मिळतो. तोटीच दोन इंच वर बसवली असती तर ज्याची गरज पडली नसती त्यासाठी इतके पैसे मोजणे मला मान्य नाही. गावच्या सुताराकडून दोनशे रुपयांत लाकडी स्टूल करून घेतले, खालचे भांडे उकळत्या पाण्याने धुतले आणि आता तांब्याच काय, कळशीही तोटीखाली सरळ उभी राहते. दिवाळीत भरलेल्या दुसऱ्या बाटलीचा रंग बदलला नाही. त्यामुळे या फिल्टरला मनात दिलेल्या दोन ताऱ्यांवरून मी चारवर आलो आहे, पाचवा तारा त्या साडेचार इंचांमुळे मिळणार नाही. घेणाऱ्यांनी घरचा तांब्या दुकानात नेऊन तोटीखाली धरून पाहावा.

मला सर्वाधिक आनंद दिला तो मात्र या फिल्टरच्या खोक्यात नसलेल्या गोष्टीने. तोटीचा उपयोग पटल्यावर बाबांनी स्वतः बाजारातून साठ रुपयांची तोटी आणली, एका जुन्या कॅनला बसवली, कॅन गोठ्याच्या खांबाला बांधला आणि कांद्याच्या जाळीत साबण घालून शेजारी टांगला. शेण काढून आले की आता हात तिथेच धुतले जातात. मार्चमध्ये नव्या कँडल घेऊन जायचे आहे, तेव्हा साबणाच्या दोन वड्या जास्त आणाव्यात, गोठ्यातली संपत आली आहे, असा त्यांचा निरोप कालच आला.