थंड पाण्यातला मासेमारीचा हंगाम आणि निओप्रीनचा इमर्शन सूट

दूरच्या, थंड समुद्रात मासेमारीच्या हंगामासाठी खलाशी म्हणून निघणारा माणूस बूट, रेनकोट आणि हातमोजे यांची पुष्कळ चौकशी करतो. इमर्शन सूटची, म्हणजे नौका सोडून थंड पाण्यात उतरावे लागल्यास ऊब देणाऱ्या आणि तरंगत ठेवणाऱ्या, डोक्यापासून पायापर्यंतच्या अंगभर पोशाखाची चौकशी मात्र क्वचितच होते, कारण तो बहुधा नौकेवर असतोच आणि हंगामभर पिशवीतून बाहेर काढण्याची वेळ येऊ नये, अशीच सर्वांची इच्छा असते. मला पूर्ण हंगामासाठी ५ मिलिमीटर जाडीच्या निओप्रीनचा (फेसाळ कृत्रिम रबराचा), युनिव्हर्सल म्हणजे बहुतेक प्रौढांसाठीच्या एकाच मापाचा सूट नेमून दिलेला होता. नौकेवरच्या कवायतींमध्ये तो वारंवार अंगात चढवून मला जे कळले, त्यावर हे परीक्षण आधारलेले आहे.

अतिथंड पाण्यात पडल्यावर पहिले मिनीटभर श्वासावर ताबा राहत नाही, त्यानंतर साधारण १० मिनिटे हातपाय उपयोगी पडतात आणि तासाभराच्या सुमारास गारठ्याने शुद्ध हरपू लागते. मदत पोहोचायला कित्येक तास लागतील अशा ठिकाणी हा हिशेब फार तोकडा पडतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार उष्णतारोधक सूट घातलेल्या माणसाच्या शरीराचे आतले तापमान ० ते २ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६ तास राहूनही २ अंशांपेक्षा जास्त उतरता कामा नये. सूटची सारी किंमत या ६ तासांत आहे. अमेरिकेत मासेमारी नौकांच्या सुरक्षिततेचा कायदा १९८८ मध्ये झाला आणि त्याखालील नियमांनी थंड पाण्यात जाणाऱ्या नौकांवर माणशी एक सूट सक्तीचा केला, तोही याच कारणासाठी.

सूट कोणाच्याही मदतीशिवाय २ मिनिटांत अंगात चढला पाहिजे, अशी मानकाची अट आहे. सरावाने ते जमते, पण त्याला क्रम आहे : सूट डेकवर उलगडून त्यावर बसायचे, पाय घालायचे, मग गुडघ्यांवर येऊन कमी सरावाचा हात, त्यानंतर टोपी आणि शेवटी सरावाचा हात. टोपी आधी घ्यायची, कारण दोन्ही हात जाड, तीन बोटांच्या मोज्यांत गेल्यावर ती नीट ओढता येत नाही. बुटांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवली की ते निओप्रीनला अडकत नाहीत; ही साधी युक्ती बराच वेळ वाचवते. ही कवायत निवांत दुपारी न घेता खलाशांना झोपेतून उठवून, अंधारात घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

सूटचा सर्वांत नाजूक भाग म्हणजे त्याची चेन, आणि खरेदीच्या वेळी तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. खाऱ्या हवेत पितळी दात हिरवट पडतात आणि चेन नेमकी छातीच्या मध्यावर अडते. मग निओप्रीन कितीही जाड असले तरी पाणी आत शिरतेच. मला मिळालेल्या सूटची चेन पहिल्या कवायतीत अशीच अडली होती. दातांवर मेण घासल्यावर आणि दोरी तिरकी न ओढता सरळ वर ओढल्यावर ती चालू लागली. सूट चेन पूर्ण उघडी ठेवूनच गुंडाळावा, दर महिन्याला शिवणी, शिट्टी आणि दिवा तपासावा, वापरानंतर गोड्या पाण्याने धुऊन आतबाहेर वाळवावा.

मापाबाबत माझे समाधान झाले नाही. युनिव्हर्सल सूट साधारण ५० ते १५० किलो वजनाच्या माणसांसाठी असतो, आणि इतक्या मोठ्या पल्ल्यात लहान चणीच्या माणसाची गैरसोय ठरलेलीच. टोपी चेहऱ्याभोवती घट्ट बसत नाही आणि पायांत उरलेली जागा पाण्याने भरते. अशा व्यक्तीने लहान मापाचा सूट मागून घ्यावा, त्यात संकोच करू नये.

सूटच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तो केबिनमध्ये घालू नये, कारण नौका उलटली तर त्याची तरंगण्याची ताकदच माणसाला छताशी दाबून धरते. शिवाय जाळ्यासोबत अचानक ओढल्या गेलेल्या खलाशाला पिशवीतल्या सूटचा काहीच उपयोग नाही. २००० ते २०१६ या काळात अमेरिकेत मासेमारी करताना पाण्यात पडून मृत्युमुखी पडलेल्या २०४ जणांपैकी एकाच्याही अंगात तरंगते जाकीट नव्हते. म्हणून डेकवर काम करताना जाकीट अंगात हवेच. सूट त्याची जागा घेऊ शकत नाही.

एकाच हंगामासाठी जाणाऱ्याने स्वतःचा सूट विकत घेण्याची गरज मला वाटत नाही, मात्र नोकरी पक्की करण्यापूर्वी नौकेवरचा आपल्या वाट्याचा सूट मागून घेऊन तो अंगात चढवून पाहावा. दरवर्षी जाणाऱ्याने आणि युनिव्हर्सल मापात न बसणाऱ्याने मात्र तो स्वतःचाच घ्यावा आणि घेताना आधी चेन वरपर्यंत लावून पाहावी.