ध्यानाला सोबत हवी: पडद्यावरची की शेजारच्या आसनावरची?

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरातून परतल्यावर पहिले दोन आठवडे काहीच अवघड जात नाही. पहाटे आपोआप जाग येते, तासभर बैठक होते. मग घरी पाहुणे येतात, ऑफिसात महिनाअखेर येते आणि आधी संध्याकाळची बैठक सुटते, पाठोपाठ सकाळचीही. माझी साधना चौथ्या महिन्यात पूर्ण थांबली होती. ऑनलाइन गटात बसावं, जवळच्या विहारात किंवा केंद्रावर जावं, की एकटीनेच नेटाने करावं, हा प्रश्न मला तेव्हा पडला. गेल्या काही वर्षांत मी तिन्ही करून पाहिलं आहे.

एकट्याने साधना टिकवणारे लोक मी पाहिले आहेत, पण फार थोडे. उपड्ढ सुत्त या पालि सुत्तात बुद्धांचा शिष्य आनंद म्हणतो की कल्याणमित्रांची, म्हणजे चांगल्या वाटेवरच्या सोबत्यांची संगत म्हणजे अर्धं ब्रह्मचर्य; ब्रह्मचर्य म्हणजे इथे धम्माचं जीवन. बुद्ध त्याला लगेच अडवतात: तसं म्हणू नकोस, ते संपूर्ण ब्रह्मचर्य आहे. म्हणून सोबत हवी का, यावर मी फार वेळ घालवणार नाही. कोणती, ते बघू.

त्याआधी स्वतःला एक विचारा: मला ध्यान शिकायचं आहे, की शिकलेलं टिकवायचं आहे? शिकायचं असेल तर माझं मत ठाम आहे, प्रत्यक्ष जा. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेत विपश्यना ऑनलाइन शिकवतच नाहीत, आणि ते मला मनापासून पटतं. शिबिरात फोन जमा होतो, आर्य मौन सुरू होतं, पहाटे चारला घंटा वाजते. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा, विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना तटस्थपणे बघणं, मिळते चौथ्या दिवशी. गुडघा असह्य दुखतोय आणि उठून जावंसं वाटतंय, तेव्हा सहायक आचार्यांपुढे बसून दोन शब्द विचारता येतात. घरच्या खोलीत त्या क्षणी आपण सरळ लॅपटॉप मिटतो. ऑनलाइन सामूहिक साधना या परंपरेत आहे, पण ती शिबिर पूर्ण केलेल्या जुन्या साधकांसाठी. नवख्यांना ऑनलाइन मिळतं ते थोड्या वेळाचं आनापान, म्हणजे श्वास बघणं, आणि चव घ्यायला ते चांगलं आहे.

त्रिरत्न बौद्ध महासंघ या दुसऱ्या बौद्ध संस्थेची पद्धत वेगळी. तिथे आनापानसती (श्वासावर लक्ष ठेवणं) आणि मैत्री भावना (सगळ्यांचं भलं चिंतणं) या दोन साधना कोणालाही शिकवतात, टप्प्याटप्प्याने, बोलून. मैत्री भावनेत आधी स्वतः, मग जवळचा मित्र, मग ओळखीपुरता माणूस, मग ज्याच्याशी पटत नाही तो, आणि शेवटी सगळे प्राणिमात्र. सांगणाऱ्याचा आवाज धरून पुढे जायचं असल्याने ही साधना ऑनलाइन बऱ्यापैकी पोचते. तेव्हा ज्यांना दहा दिवस रजा मिळणं शक्यच नाही, तान्हं मूल आहे किंवा घरी आजारी माणूस आहे, त्यांनी इथून सुरुवात करायला माझी काही हरकत नाही.

आता टिकवण्याचं. इथे मात्र ऑनलाइन गटाचं पारडं जड आहे, आणि त्याचं कारण अगदी साधं: तो रोज असू शकतो. गोयंकाजींनी साधकांना सांगितलेला हिशोब असा: सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, आठवड्यातून एकदा सामूहिक साधना, वर्षातून एक शिबिर. आठवड्याची बैठक केंद्रावर जमेल. रोज पहाटे घराबाहेर पडून कुठेतरी पोचणं नोकरी करणाऱ्याला जमत नाही.

पण सगळे ऑनलाइन गट सारखे नसतात, आणि निवडताना लोक चुकतात ते इथेच. मी आधी एका मोठ्या गटात बसत होते. शेकडो माणसं, कॅमेरे बंद, सुरुवातीला आणि शेवटी ध्वनिमुद्रित पालि मंगलपाठ. पहिला महिना छान गेला. मग मी लिंक उघडून ठेवायची आणि कुकर लावून यायची. कोणाला कळणार होतं? पुढे सात-आठ जणींच्या लहान गटात आले. तिथेही तास पूर्ण शांततेचा, कॅमेरेही बंदच. फक्त शेवटी माइक सुरू करून सगळ्या ‘साधु, साधु, साधु’ म्हणतो. नेट मागेपुढे असल्याने ते कधीच एका सुरात येत नाही, तरी प्रत्येकीचा आवाज ओळखू येतो. एकदा मी दोन दिवस बसले नाही, तर तिसऱ्या दिवशी गटातल्या काकूंचा फोन आला. ‘अगं, दिसली नाहीस, बरी आहेस ना?’ एवढंच. त्या फोनने माझी साधना जितकी सावरली तितकी कुठल्याच प्रवचनाने सावरली नाही. म्हणून गट निवडताना किती लोक आहेत, कोण चालवतं, यापेक्षा एकच बघा: तुम्ही नसलात तर तिथे कोणाला जाणवेल का?

परदेशी राहणाऱ्या मराठी साधकांना ऑनलाइन गट फार मोलाचा वाटतो, कारण ‘सगळ्यांचं मंगल होवो’ हे आपल्या भाषेत ऐकायला मिळतं. पण घड्याळ बघून घ्या. आपल्याकडची पहाटे सहाची बैठक उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात आदल्या संध्याकाळी साडेपाचला येते, ते सोयीचं. लंडनमध्ये तेव्हा रात्रीचा दीड. तिथल्यांनी भारतातल्या रात्री आठच्या गटात यावं. शिवाय मार्च आणि नोव्हेंबरच्या सुमारास त्यांची घड्याळं तासभर सरकतात, ते गटाला आधीच सांगून ठेवावं.

विहारात जे मिळतं ते मात्र पडद्यावर नाही. रविवारी सकाळी वस्तीतल्या विहारात त्रिशरण-पंचशील होतं, शेजारी आजी बसलेल्या असतात, मागे लहान मुलं चुळबुळतात, आणि तरीही दहा मिनिटांनी सगळं निवतं. गोराईच्या ग्लोबल पॅगोडात, एकही खांब नसलेल्या घुमटाखाली, सुमारे ८,००० साधक एकत्र बसू शकतात. तिथली शांतता अंगाला जाणवते. हेडफोनमधली शांतता म्हणजे फक्त आवाज नसणं.

एका बाबतीत मात्र मी कोणालाच ऑनलाइन गट सुचवत नाही. ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे किंवा नुकताच होऊन गेला आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. शिबिराच्या अर्जात या आजारांबद्दल विचारतात ते उगाच नाही. बंद कॅमेऱ्यामागे कोणी रडतंय, थरथरतंय, हे कोणालाच दिसत नाही.

दोन पद्धतींचे दोन गट एकाच वेळी धरू नका. सकाळी संवेदना बघायच्या आणि रात्री दुसरंच काही, यात मन दोन्हीकडून निसटतं. एक गट निवडून त्याला निदान दोन महिने द्या.

सध्या माझं असं चालतं: सोमवार ते शनिवार सकाळी सहाला लहान गट, रविवारी विहार. संध्याकाळचा तास एकटीचा, आणि तोच अजून सगळ्यात जास्त वेळा चुकतो. काकूंना ते माहीत आहे. त्या अधूनमधून विचारतात.