मुंबई जीपीओतून आफ्रिकेतल्या बालगृहाला पार्सल: काय पोचतं, काय अडतं

वसई, गिरगाव, भायखळा, कुठलीही ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च घ्या. ओळखीतली एखादी सिस्टर नाहीतर पास्टर केनियात किंवा युगांडात सेवेला असतात, आणि मग महिला मंडळात दर वर्षी तोच विषय निघतो: तिथल्या बालगृहातल्या मुलांच्या कार्यक्रमाला इथून काय पाठवायचं? बहुतेक मंडळी सीएसएमटीशेजारच्या जीपीओत जातात. हा त्या सेवेचा रिव्ह्यू. निकाल आधीच सांगून टाकते. दोन-तीन किलोचं, चपटं, न फुटणारं पार्सल कार्यक्रमाच्या निदान आठ आठवडे आधी टाकणार असाल, तर खुशाल जा. मोठा खोका भरून 'सगळ्यांसाठी थोडं थोडं' पाठवायचं असेल, तर पार्सलाच्या भानगडीत न पडता पैसे पाठवा.

पार्सल चुकतं ते बहुधा पोस्टामुळे नाही, कॅलेंडरमुळे. आपलं शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, केनियाचं जानेवारीत. तीन सत्रं असतात आणि तिसरं ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत चालतं. सगळे मोठे कार्यक्रम याच शेवटच्या तुकड्यात येतात. बालवाडीच्या दुसऱ्या वर्गाचं म्हणजे पीपी-टूचं 'ग्रॅज्युएशन', तेही झगा-टोपीसकट. सहावीची केपीएसईए, नववीची केजेएसईए, आणि नोव्हेंबरात शेवटच्या वर्गाची केसीएसई, या सरकारी परीक्षाही याच सुमारास. परीक्षांच्या आधी शाळांत प्रार्थनेचा दिवस ठेवतात. ख्रिस्ती शाळेत तर तो निकालाच्या दिवसापेक्षा मोठा. आठवीची जुनी केसीपीई २०२३ साली शेवटची झाली, तेव्हा 'आठवी पास'चे बिल्ले कुणी छापून घेऊ नयेत. युगांडात वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतं आणि सातवीची पीएलई नोव्हेंबरच्या सुरुवातीला असते.

हिशोब सरळ आहे. ग्रॅज्युएशनचं सामान गणपतीच्या आधी सुटलं पाहिजे. ख्रिसमसचंही दिवाळीनंतर टाकून चालत नाही, कारण डिसेंबरच्या सुट्टीत बरीच मुलं नातेवाइकांकडे जातात आणि बालगृहाचा ख्रिसमस त्याआधीच उरकलेला असतो. १६ जूनचा आफ्रिकन बालदिन मात्र इथल्या लोकांच्या यादीत कधी नसतो. १९७६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत मोर्चा काढताना मारल्या गेलेल्या शाळकरी मुलांच्या आठवणीसाठी आफ्रिकेतल्या देशांच्या संघटनेने ठरवलेला हा दिवस १९९१ पासून पाळतात. त्यासाठी एप्रिलमध्ये पार्सल टाकलं तर पाऊसही टळतो.

वाढदिवसांचं गणित वेगळं. अनेक मुलांची जन्मतारीख नक्की माहीत नसते, म्हणून बऱ्याच बालगृहांत महिन्यातून एकदा त्या महिन्याच्या सगळ्या मुलांचा एकत्र वाढदिवस होतो. केक, गाणी, आणि केनियात तर वाढदिवसाच्या मुलावर बादलीभर पाणी ओतायची धमाल. (शाईने लिहिलेली कार्डं आणि क्रेप कागदाच्या टोप्या पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.) एका मुलाच्या नावाने वेगळी भेट पाठवू नका, उरलेल्यांची तोंडं बघणं तिथल्या मावशींच्या वाट्याला येतं. संस्थेत मुलं किती, मुली किती, वयोगट कोणते, एवढं विचारून सारख्या वस्तूंचे संच पाठवा.

आता सामान. मुंबईत चांगलं मिळतं आणि पोस्टात बसतं असं काय? पहिला नंबर सॅटिनच्या सॅशचा, म्हणजे खांद्यावरून तिरक्या घालायच्या छापील पट्ट्यांचा. अब्दुल रेहमान स्ट्रीट, काळबादेवी भागात छापून मिळतात. एकेरी कापडाच्या पन्नास सॅश किलोच्या आत बसतात. त्यावर साल छापू नका. पार्सल रेंगाळलं तरी पुढच्या वर्षी त्याच सॅश वापरता येतात, आणि तशाही त्या संस्थेच्या कपाटात परत जातात. स्वाहिलीत 'होंगेरा' म्हणजे अभिनंदन. छापायच्या आधी त्याचं स्पेलिंग संस्थेकडून मागवून घ्या. दुसरं, सॅटिनचे गोल बिल्ले. धोबीतलावच्या ट्रॉफीवाल्यांकडची धातूची मेडलं दिसायला भारी, पण एक मेडल पन्नास ग्रॅमचं धरलं तर साठ मुलांची तीन किलो होतात. तेवढ्या पैशात तिथे बऱ्याच मुलांना जेवण होईल. तिसरं, क्रॉफर्ड मार्केटात मिळणारे घडीचे कागदी तारे. चपटे बसतात, वजन नाही, आणि उघडले की हॉल भरतो.

दिव्यांच्या माळांचा मोह टाळा. व्होल्टेज जवळपास सारखंच, पण केनिया-युगांडात ब्रिटिश पद्धतीचा तीन चपट्या पिनांचा प्लग असतो; आपला गोल पिनांचा तिथे जात नाही. बॅटरीवरच्या माळा विमानाच्या टपालात अडतात. पार्टी पॉपर आणि केकवरची फुलबाजीसारखी मेणबत्ती ही तर स्फोटकांतच जमा. फुगे उन्हात चिकटतात. बेसनाचे लाडू, शंकरपाळ्या, कुठलंही तळलेलं नको: तेल सुटतं, कापडावर डाग येतो आणि डाग दिसला की तपासणीत पार्सल उघडतं. जुने कपडे तर अजिबातच नकोत. 'मितुंबा' म्हणजे परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग तिथल्या प्रत्येक बाजारात असतात. ग्रॅज्युएशनचे झगेही तिथलाच शिंपी शिवून देतो, आणि त्याला तेवढंच काम मिळतं. स्वाहिली बायबल नैरोबीच्या बायबल सोसायटीकडे मिळतं. इथून पाठवायची गरज नाही.

पॅकिंगवर थोडं सविस्तर, कारण सेवेचा खरा कस तिथे लागतो. आत पाच पदरी खोका. वस्तू वयोगटाप्रमाणे बटर पेपरात बांधा, प्लास्टिकच्या पिशव्यांत नको: केनियात अशा पिशव्यांवर २८ ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे आणि तिथे ती गंमत समजत नाहीत. चारी बाजूंनी दोन बोटं जागा सोडून कागदाचे बोळे भरा. खोका हलवल्यावर आतून आवाज आला तर तो प्रवासात फाटणार, असं समजा. वरून मांजरपाट. जीपीओच्या बाहेर पदपथावर बसणारे पार्सलवाले काका दाभणाने चार मिनिटांत खोका शिवतात, टाके बोटभर अंतरावर, शिवणीवर लाखेचे शिक्के. त्यांना एकच सांगायचं: "काका, एक बाजू उघडी ठेवा." काउंटरवर आतलं बघायला मागतात. शिवून नेलेलं पार्सल तिथे उसवून पुन्हा शिवायचं म्हणजे डबल मजुरी आणि पुन्हा रांग.

पत्ता थेट कापडावर, पर्मनंट मार्करने, मोठ्या अक्षरांत, दोन बाजूंना. साध्या स्केचपेनची शाई पावसाळ्यात पसरते. बारकोडचं लेबल शिवणीवरून जाऊ देऊ नका, घडी पडली की मशीन वाचत नाही. सपाट बाजूवर चिकटवून कोपऱ्यांना चार टाके घातलेले बरे. आणि वजन करायचं ते कापडासकट. ईएमएस म्हणजे परदेशी स्पीड पोस्टात दर २५० ग्रॅमच्या टप्प्यांनी चढतो, म्हणून १,०१० ग्रॅम भरलं की १,२५० चे पैसे. घरच्या वजनकाट्यावर ९५० झालं म्हणून खूश होणाऱ्यांना मांजरपाट आणि लाख शंभर-दीडशे ग्रॅमची असते हे काउंटरवर कळतं.

फॉर्म हा दुसरा खड्डा. सीएन २३ या जकातीच्या फॉर्मवर 'गिफ्ट आयटम्स' एवढंच लिहिलं तर ते कुणालाच पुरत नाही. 'सॅटिन सॅश, ५० नग, कापडी बिल्ले, ६० नग, कागदी तारे, १२ नग' असं प्रत्येक ओळीला नग, वजन, किंमत आणि एचएस कोड, म्हणजे जकातीसाठीचा मालाच्या प्रकाराचा क्रमांक द्यायचा. ही माहिती पार्सलच्या आधी संगणकावरून पुढच्या देशाला जाते, तिच्यात गडबड असेल तर पार्सल इथेच अडकतं. आधार कार्डाची प्रत केवायसीसाठी लागते. ऑनलाइन भरून नेलंत तर काउंटरवरची निम्मी चिडचिड वाचते. किंमत मुद्दाम कमी लिहू नका. हरवलं तर भरपाई त्याच आकड्यावर अडते. भेट म्हटली की जकात माफ, असंही नाही. तिथे जकात बसली तर ती भरणार बालगृह, आणि तुमच्या भेटीपायी त्यांच्या किराण्याचे पैसे जाणार. म्हणून माल थोडा, किंमत खरी.

पार्सलाच्या फॉर्मांत आणखी एक प्रश्न असतो: पोचलं नाही तर पार्सलाचं काय करायचं. तो रिकामा सोडून लोक निघून येतात. परत मागवलं तर त्याचा खर्च पाठवणाऱ्याच्या गळ्यात पडू शकतो. कागदी तारे आणि सॅश परत मागवून करणार काय? 'सोडून द्यावे' यावर खूण करणं बहुधा शहाणपणाचं.

पलीकडच्या टोकाची पद्धत आपल्यासारखी नाही. पोस्टमन दारात येईल असं धरू नका. पत्ता म्हणजे पी.ओ. बॉक्स, केनियात त्याच्यापुढे पाच आकडी कोड आणि गाव. रस्ता आणि घरनंबर लिहून पार्सल पोचत नाही. पोस्टातून निरोप आला की संस्थेचा माणूस ओळखपत्र घेऊन सोडवायला जातो, त्यासाठी कधी अर्धा दिवस मोडतो. +२५४ पासूनचा चालू मोबाईल नंबर कापडावर हवाच, युगांडासाठी +२५६. नाव संस्थेचं आणि प्रमुखांचं घाला, मुलाचं नको. मुलांचे फोटो मागून मंडळाच्या ग्रुपवर फिरवायची सवयही इथेच सोडा.

एक गोष्ट पाठवण्याआधी जरूर विचारा: घर अजून चालू आहे का, मुलं किती आहेत? केनियाने २०१७ पासून नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आहे आणि २०२२ च्या बाल कायद्यानंतर कल मुलांना कुटुंबात परत पाठवण्याकडे आहे. आजी नाहीतर मामाकडे परत जाणाऱ्या मुलाचा निरोप हाही तिथे समारंभच. त्यासाठी कॅनव्हासची साधी पाठपिशवी ही आपल्याकडून जाणाऱ्या वस्तूंत सगळ्यात उपयोगी. रिकामी पाठवा, घडी करून. दुसरा असा आनंदाचा दिवस म्हणजे जन्मदाखला हाती येण्याचा. परीक्षेच्या नोंदणीला तो लागतो, आणि मिळवायला महिने जातात. तो ठेवायला मजबूत प्लॅस्टिक फाईल तिथेही मिळते, पाठवू नका.

हा मुंबई-आफ्रिका व्यवहार काही आजचा नाही, ते जाता जाता. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात नाशिकच्या शरणपूरच्या मिशन शाळेत शिकत होती. १८७५ च्या सुमारास त्यांतले बरेच मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउन या सोडवलेल्या गुलामांच्या वसाहतीत गेले. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी लिव्हिंग्स्टन यांच्या सोबतीचा चुमा मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत होता. आज केनियात सणाच्या ताटात चपाती असतेच, ती भारतीयांचीच देणगी.

तारे द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा त्या शिवणाऱ्या काकांचा. ट्रॅकिंगचा १३ अक्षरांचा नंबर भारताबाहेर गेल्यावर कधी कधी बरेच दिवस गप्प बसतो. तो तिथल्या पोस्टाच्या साइटवरही टाकून बघायचा असतो. कापडात शिवलेल्या पार्सलाइतकं टिकाऊ काही नाही, पण घाईच्या कामाला ही सेवा नाही. घाई असेल तर खाजगी कुरिअर, आणि तिथे आकारमानाचं वजन लावतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरात गुणून ५,००० ने भागायचं. ४० बाय ४० बाय ३० चा खोका आत पिसं भरली तरी ९.६ किलोचा. तारे घडीचे घ्या म्हटलं ते यासाठीही.

केक, बकऱ्याचं मटण, चपातीचं पीठ, सोडा, झग्यांची शिलाई, हे सगळं पैशानेच जातं. बँकेत ए-टू फॉर्म भरून, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस सवलतीखाली (व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणारी योजना) व्यक्तीच्या खात्यातून, थेट संस्थेच्या नावाच्या खात्यात. वर्षाची मर्यादा अडीच लाख डॉलर, म्हणजे मंडळाच्या वर्गणीला तिचा धक्काही लागत नाही. इथल्या ट्रस्टच्या खात्यातून मात्र सीएला विचारल्याशिवाय पाठवू नका, देशाबाहेरच्या खर्चावर आयकराची सूट अडते. स्विफ्टचे, म्हणजे बँकेतून परदेशी पैसे पाठवण्याच्या यंत्रणेचे पैसे दर वेळी कापले जातात, तेव्हा बारा महिने थोडं थोडं पाठवण्यापेक्षा सप्टेंबरात एकदाच पाठवा, आणि सॅशचं पार्सल त्याच्या महिनाभर आधी टाका.