वाडीच्या नावाला विश्वकोशात पान द्यावं का? मराठी विकिपीडियाचा माझा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार देतोय, आणि हा रिव्ह्यू फक्त गावांच्या, वाड्यांच्या नोंदींपुरता आहे. बाकीच्या विषयांवर मी तिथे फारसा फिरलेलो नाही.

झालं असं की मामाच्या गावाला लागून एक वाडी आहे, चाळीसेक घरं, मारुतीचं देऊळ, देवळामागे दोन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड, झिजलेले पण घोड्यावरचा स्वार अजून ओळखू येतो. वाडीचं नाव नकाशात येतं, एसटीचा फाटाही त्याच नावाचा, पण सातबाऱ्यावर गाव म्हणून मूळ गावाचंच नाव. मला तिचं स्वतंत्र पान करायचं होतं. मग करण्याआधी नियम वाचायला बसलो आणि त्यातच दोन महिने गेले, पण गेले ते बरंच झालं.

एखाद्या विषयाला स्वतंत्र पान मिळण्याची पात्रता, तिला तिथे 'उल्लेखनीयता' म्हणतात. इंग्रजी विकिपीडियावर ठरलेला नियम असा की कायद्याने मान्य, लोकवस्तीचं गाव असेल तर लेख सहसा चालतो. आपल्याकडे म्हणजे महसुली गाव, ज्याला जनगणनेत स्वतःचा कोड असतो. वाडी, पाडा, वस्ती, तांडा असेल तर मात्र त्या जागेबद्दल कोणीतरी नीट काही लिहिलेलं असायला हवं, आणि नकाशा किंवा आकड्यांचं कोष्टक त्यात धरत नाहीत. हे वाचून मला आधी रागच आला. नकाशात नाव आहे म्हणजे जागा आहे ना, अजून काय पुरावा पाहिजे?

मग न्यूयॉर्क राज्यातल्या ॲग्लो नावाच्या गावाबद्दल वाचलं. १९३० च्या दशकात जनरल ड्राफ्टिंग कंपनीच्या नकाशाकारांनी हे नाव मनानेच एका चौकात टाकलं, कोणी नकाशा चोरून छापला तर पकडता यावा म्हणून. पुढे रँड मॅकनाली या दुसऱ्या कंपनीच्या नकाशात तेच नाव दिसलं, पण तोवर तिथे खरंच ॲग्लो नावाचं दुकान निघालं होतं, नाव नकाशावरूनच घेतलेलं! म्हणजे नसलेल्या गावाला आज विकिपीडियावर पान आहे, कारण त्याची गोष्ट लोकांनी लिहिली. आणि इराणच्या गावांबाबत इंग्रजी विकिपीडियावर याच्या उलट झालं. इराणच्या जनगणनेतल्या 'आबादी' म्हणजे वस्ती म्हणून नोंदलेल्या जागांवरून एकेका ओळीचे हजारो लेख तयार झाले, त्यातल्या कितीतरी जागा म्हणजे नुसती शेतं नाहीतर पाण्याचे पंप निघाले, आणि २०२१ मध्ये ते हजारोंनी काढून टाकावे लागले. माझा राग तिथे उतरला.

आपल्याकडेही यादी आंधळेपणाने घ्यायची सोय नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ६ लाख ४० हजारांच्या वर गावं आहेत, त्यातली ४० हजारांहून जास्त बेचिराख, म्हणजे कोड आहे, हद्द आहे, माणूस नाही. पण बेचिराख म्हणून सोडूनही देता येत नाही, कारण श्रीरामपूर तालुक्यातलं प्रवरेकाठचं दायमाबाद तसंच ओसाड गाव, आणि १९७४ मध्ये तिथेच कांस्याचा प्राचीन रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. त्याच्या पानाबद्दल कोण वाद घालेल?

मला सगळ्यात जास्त लागून राहिली ती इर्शाळवाडी. खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या अंगावरची ठाकरांची वाडी, वर जायला धड रस्ता नव्हता, ट्रेकर लोक तिथून जायचे, पाणी मागायचे. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली आणि दुसऱ्या दिवशी ते नाव देशभर गेलं. त्याच्या आदल्या दिवशी कोणी विचारलं असतं की या वाडीला पान द्यावं का, तर नियमाप्रमाणे उत्तर बहुतेक 'नाही' असंच आलं असतं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, पण वाडी गाडली गेल्यावरच तिच्याबद्दल लिहिलं जावं हे मला सहन होत नाही. आधी कोणीतरी तिथे जाऊन लिहायला हवं, छापायला हवं, म्हणजे विश्वकोशाला आधार मिळेल.

आता वापरायला कसं आहे ते. शोध चांगला चालतो, पिंपळगाव किंवा निमगावसारखी एकाच नावाची ढीगभर गावं असतात तिथे निःसंदिग्धीकरणाची, म्हणजे सारख्या नावांची यादी देणारी पानं फार उपयोगी, फक्त बुद्रुक की खुर्द हे आपण नीट बघायचं. अडलं तर चावडीवर, म्हणजे तिथल्या सार्वजनिक चर्चेच्या पानावर विचारता येतं, प्रत्येक लेखाला चर्चा पान आहे. कापलेला एक स्टार साचेबंद लेखांसाठी. हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा अशी मथळ्यांची रांग आणि खाली त्या गावाचं म्हणून काहीच नाही, असे लेख खूप आहेत. त्यात भर घालायचं काम आपलंच आहे हेही खरं. वाईच्या छापील मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, २० खंडांत सगळं जग बसवायचं म्हटल्यावर तिथे वाडीला जागा कुठून मिळणार. इथे जागेची अडचण नाही, अडचण आधाराची आहे. आधारासाठी मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियर्स बघा, त्यात ठिकाणांचं वेगळं प्रकरण असतं आणि अगदी लहान गावातलं देऊळसुद्धा कधीकधी सापडतं.

मी शेवटी स्वतंत्र पान केलं नाही. मूळ गावाच्या लेखात वाडीचा वेगळा विभाग केला आणि वाडीच्या नावावरून तिकडे आपोआप नेणारं पुनर्निर्देशन दिलं, म्हणजे कोणी नाव टाकून शोधलं तर रिकाम्या हाताने परत जाणार नाही. वीरगळांचे फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यात टाकलेत. दिवाळीत मामाकडे जाईन तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून सगळं लिहून काढणार आहे आणि एखाद्या दिवाळी अंकाला पाठवणार आहे. छापून आलं की स्वतंत्र पानाचा विषय चर्चा पानावर मांडेन.