पीजीची शाखा निवडताना: संशोधन कुठे जमेल?

एमबीबीएसनंतर पीजीच्या (एमडी/एमएस) प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरताना ड्युट्या, स्टायपेंड, पुढची प्रॅक्टिस यांची चौकशी सगळेच करतात. संशोधनाची आवड असेल तर आणखी एक विचारून घ्या: त्या शाखेत उपचाराचा निकाल किती दिवसांनी कळतो, आणि तोवर पेशंट नजरेसमोर असतो का? रेसिडेन्सी तीन वर्षांची खरी, पण थिसिसचा सिनॉप्सिस (आराखडा), एथिक्स कमिटी आणि शेवटचं सबमिशन वजा केलं की केसेस गोळा करायला जेमतेम दीड वर्ष उरतं.

या हिशेबात भूलशास्त्र सगळ्यांच्या पुढे. स्पायनलमध्ये (पाठीतून द्यायच्या भुलीत) फेंटानिल हे औषध मिसळायचं की डेक्समेडेटोमिडिन? बंद पाकिटातून ग्रुप निघतो, दर पाच मिनिटांनी बीपी लिहायचं, दुखण्याचं पहिलं इंजेक्शन कधी मागितलं ते नोंदवायचं, की त्याच दिवशी केस पूर्ण. रँडमाइज्ड ट्रायल (कोणाला कोणता उपचार ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं ती चाचणी) एकट्या रेसिडेंटला झेपते ती इथेच. फक्त सीटीआरआयची (देशातल्या ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीतली) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी करा; मागाहून केलेली २०१८ पासून चालत नाही. खोट एवढीच की हे विषय चावून चावून चोथा झालेत.

सर्जरीत नेमकं उलटं. माझा थिसिस हर्नियाच्या जाळीवर होता. ऑपरेशनं भराभर झाली; सहा महिन्यांनी 'दुखतंय का?' विचारायची वेळ आली तेव्हा घाम फुटला. एका केसपेपरवरचा नंबर शेजारच्या किराणा दुकानाचा निघाला. दुकानदार म्हणाला, "ते ऊसतोडीला गेलेत, आता पाडव्यालाच येतील." जाळी बसवलेला माणूस उसाच्या मोळ्या उचलत होता, म्हणजे मला हवं ते उत्तर त्याच्याकडेच होतं. थिसिसच्या मास्टर चार्टमध्ये मात्र त्याच्यापुढे 'लॉस्ट टू फॉलोअप', म्हणजे पुन्हा भेटलाच नाही.

कॅन्सर सर्जरीत तर ही वाट वर्षांची. टाटा मेमोरियलच्या नेतृत्वाखालच्या ट्रायलमध्ये स्तनाची गाठ काढण्याआधी तिच्याभोवती लिग्नोकेन हे बधिर करायचं औषध टोचलं. स्वस्त औषध, दहा मिनिटांचं काम. पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं, पण ते दाखवायला ११ केंद्रं आणि १६०० स्त्रिया लागल्या. २०११ला सुरू झालेल्या कामाचा निकाल छापून आला २०२३मध्ये. हे रेसिडेंटचं काम नव्हे. फॉलोअपची यंत्रणा असलेल्या संस्थेत पुढे टिकून राहणार असाल तरच त्या वाटेला जा.

मेडिसिनमध्ये एकाच पेशंटला शुगर, बीपी, किडनी सगळं असतं. गुण कशाने आला ते सांगता सांगता नाकी नऊ येतात. तरी इथे निरीक्षणाला मोल आहे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून दाखवलं. नंतर ७० पेशंटांवर ट्रायल केली, निम्म्यांना जोडीला प्रतिविष. दहा तासांत प्रतिविषाच्या ३५पैकी ३२ जण पूर्ण बरे, नुसत्या प्राझोसिनवरचे ८. पेशंट घरी जायच्या आत उत्तर हातात!

पीएसएमकडे (सामाजिक वैद्यकशास्त्राकडे) प्रवेशाच्या काउन्सेलिंगला बहुतेक जण नाक मुरडतात. पण पेशंट परत येत नसेल तर आपणच त्याच्या दारी जायचं, ही युक्ती त्या शाखेची. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी (एक फिजिशियन, एक स्त्रीरोगतज्ज्ञ) हीच युक्ती वापरून ३९ गावांत आरोग्यसेविका बाळंतिणीच्या घरी पाठवल्या. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. पण तिथेच राहायची तयारी हवी.

पॅथॉलॉजीत फॉलोअपची कटकट नाही, ब्लॉक (मेणात जतन केलेले तुकडे) आणि स्लाइड कपाटातच असतात. तपासणीच्या फॉर्मवर पेशंटच्या हिस्टरीचा रकाना कोरा, ही तिथली रड.

एकट्याने आणि वेळेत ट्रायल करायची असेल तर मी भूलशास्त्र सांगेन. सर्जरीच हवी असेल तर थिसिसचा प्रश्न टाके काढायच्या दिवशी संपेल असा घ्या. टाके काढायला पेशंट येतो.