दोन नेट जोडून देतो म्हणून 13,840 घेतले, दुसरी लाईन आलीच नाही

घरच्या पीसीला दोन लॅन, म्हणजे नेटच्या दोन वायरी, लावून स्पीड डबल करतो, एक नेट गेलं तरी दुसरं आपोआप चालू राहील, असं सांगणारा कोणी सोसायटीत आला तर आधी हे वाचा. माझे 13,840 रुपये गेलेत. ड्युअल पोर्ट कार्ड (दोन वायरी लावता येणारं नेटचं कार्ड) 6,800, सेटिंग आणि सॉफ्टवेअर 3,500, दुसऱ्या कनेक्शनचं सहा महिन्यांचं ॲडव्हान्स जीएसटी धरून 3,540. सगळं यूपीआयने, त्याच्या पर्सनल नंबरवर. बिल म्हणे मेलवर येईल. आलं नाही, यायचंही नव्हतं.

माझं वर्क फ्रॉम होम आहे, मीटिंगमध्ये नेट गेलं की बोलणी मला खावी लागतात, बॅकअप हौस म्हणून घेतला नव्हता. आणि माणूस आमच्याच ब्रॉडबँडवाल्याचा टी-शर्ट घातलेला, गळ्यात आयकार्ड, आधी राउटर बघायला येऊन गेलेला, त्याच्यावर कोण संशय घेणार?

त्याने कॅबिनेट उघडून एक कार्ड बसवलं, एक वायर त्यात, दुसरी मदरबोर्डच्या पोर्टमध्ये, जो पहिल्यापासून होताच. आणि दोन्ही वायरींची दुसरी टोकं एकाच राउटरमध्ये! माझ्या डोळ्यांदेखत! आठवलं की अजून डोकं तापतं. मी विचारलं पण, दुसरा राउटर कुठेय, तर म्हणाला, "सर, एकाच फायबरमधून दोन लाईन येतात, वरूनच स्प्लिट केलीय." लगेच स्पीड टेस्ट लावली. आधी वायफायवर 42 एमबीपीएस आलेलं, आता 94. "बघा, डबल." अरे, माझा प्लॅनच 100 चा आहे! आतल्या खोलीत वायफाय 42 देतं, साधी वायर लावली की 94 येणारच. ते काम दीडशे रुपयांच्या वायरचं होतं.

मग फायबर तुटला आणि दोन्ही "लाईन" एकदम बंद. ऑफिसातल्या मित्राने आयपीकॉन्फिग (पीसीची नेट सेटिंग दाखवणारी कमांड) मारायला लावलं, दोन्ही वायरींचा गेटवे, म्हणजे नेट बाहेर जातं तो राउटर, एकच, 192.168.1.1. कार्डही सिंगल पोर्ट, बाजारात हजाराच्या आत मिळणारं.

कस्टमर केअर म्हणतं तो आमचा माणूस नाही. मग टी-शर्ट काय रस्त्यावर वाटता का? चौकीत गेलो तर लॅन कार्ड म्हणजे काय इथपासून सांगायला लागलं, सगळं ऐकून साहेब म्हणाले पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, हे सिव्हिल मॅटर आहे. सायबरवाले म्हणाले माणूस घरी आला होता ना, मग चौकीत जा. परत चौकीत, तर साहेब बंदोबस्ताला. त्याचा नंबर आहे, यूपीआयवर नाव आहे, गेटवरच्या रजिस्टरला एंट्री आहे, अजून काय पाहिजे यांना, त्याला धरून मीच आणून द्यायचा का?

दुसरी लाईन म्हटलं की दुसरा अकाउंट नंबर मागा, कंपनीच्या ॲपमध्ये दिसला तरच पैसे, तेही कंपनीलाच. खऱ्या दोन लाईन असल्या तरी विंडोज जिचं मेट्रिक (कोणती लाईन आधी वापरायची ते ठरवणारा आकडा) कमी त्याच लाईनवरून नेट चालवतं, एक डाउनलोड दोन्हीकडून वाटून येत नाही, त्यामुळे "डबल" ऐकलं की दार लावा. बॅकअपच हवा असेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट पुरतो. बिलाशिवाय कार्ड घेऊ नका. चौकीत हाकलून दिलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार टाका, जिल्हा ग्राहक आयोगातही 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मी तिथे अर्ज करतोय. तुमच्याकडे कोणी असाच येऊन गेला असेल तर यूपीआयचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि तुम्हीही तक्रार करा, माझी एकट्याची कोणी मनावर घेत नाहीये.