अडलेले सरकारी काम : सेवा हक्काचे अपील, माहितीचा अधिकार की लोकशाही दिन?

कोकणातल्या गावात सरकारी काम अडले की तीन सल्ले हमखास मिळतात : माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, लोकशाही दिनाला, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांसमोरच्या मासिक तक्रार-बैठकीला जा, नाहीतर सेवा हक्काचे अपील करा. तिन्हींचा खर्च किरकोळ आहे, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आपले नेमके काय अडले आहे, यावर निवड ठरते. ती चुकली तर महिना-दोन महिने वाया जातात, आणि गणपतीला किंवा मे महिन्यात चार दिवसांसाठी गावी येणाऱ्या चाकरमान्याला ती चूक वर्षभराची पडते.

दाखला वेळेत मिळाला नाही, एवढीच तक्रार असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 हाच पहिला मार्ग मानावा. या कायद्याखाली अधिसूचित, म्हणजे अधिकृतपणे जाहीर केलेल्या प्रत्येक सेवेला मुदत आणि जबाबदार अधिकारी ठरवून दिलेला असतो. उदाहरणार्थ, उत्पन्नाचा किंवा वय व अधिवासाचा दाखला 15 दिवसांत मिळायला हवा. मुदत उलटली किंवा अर्ज नाकारला गेला तर 30 दिवसांत पहिले अपील करता येते, त्यानंतर दुसरे, आणि तिसरे थेट राज्य सेवा हक्क आयोगाकडे. कारण नसताना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून अर्ज केला असेल तर अपीलही तेथूनच करता येते, त्यामुळे मुंबईत राहणाऱ्याला त्यासाठी रजा काढावी लागत नाही. मात्र अर्जाची पोच हातात हवी. मुदत मोजली जाते ती सर्व कागदांसह परिपूर्ण अर्ज दिल्यापासून, आणि ‘अर्ज ठेवून जा, बघतो’ या तोंडी आश्वासनावर कोणतेही अपील उभे राहत नाही. सेवा अधिसूचित आहे का, हे कार्यालयातील फलकावर किंवा पोर्टलवर आधी पाहून घ्यावे. ती यादीत नसेल तर हा मार्ग बंद आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 लोकांना अधिक परिचयाचा आहे आणि माझ्या मते म्हणूनच तो चुकीच्या जागी अधिक वापरला जातो. अर्जाला 10 रुपये शुल्क लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि उत्तर 30 दिवसांत यावे लागते. या कायद्यातला दंड दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000 रुपये, म्हणजे सेवा हक्कापेक्षा बराच मोठा आहे. पण तो करण्याचा अधिकार माहिती आयोगाला आहे आणि तेथे पोहोचेपर्यंत बराच काळ जातो. शिवाय हा कायदा कागद मिळवून देतो, काम करून देत नाही. ‘माझा दाखला का दिला नाही?’ या प्रश्नाला ‘प्रकरण कार्यवाहीत आहे’ असे उत्तर आले की कायद्याची पूर्तता होते, आणि दाखला तिथेच राहतो.

पण कागदच हवा असेल तर याच्यासारखे दुसरे साधन नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले आणि नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी भरपाई कमी मिळाली असे वाटणाऱ्या बागायतदाराने आधी आपल्या बागेच्या पंचनाम्याची प्रत मागावी, कारण झाडांचा आकडा त्यात काय लिहिला आहे हे कळल्याशिवाय पुढची तक्रार करता येत नाही. अर्जात ‘का’ विचारू नये. पंचनामा, टिपणी (फायलीवरचे अधिकाऱ्यांचे शेरे), आवक-जावक नोंद असे नेमके कागद मागावेत. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांपर्यंत असावा, हेही ध्यानात ठेवावे.

लोकशाही दिनाचे बळ वेगळ्याच ठिकाणी आहे. खाडीचे खारे पाणी अडवणाऱ्या खारबंधाऱ्याला खांड पडली, उधाणाचे पाणी आपल्या भातशेतीत शिरले आणि दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवू लागली, तर तिथे ना ठरलेली मुदत असते, ना एखाद्या कागदाने प्रश्न सुटतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांसमोर संबंधित खात्यांचे अधिकारी एकत्र बसतात, म्हणून असा विषय तेथे मांडणे योग्य. अर्ज मात्र विहित नमुन्यात 15 दिवस आधी द्यावा लागतो, आणि न्यायप्रविष्ट किंवा अपिलातली प्रकरणे घेतली जात नाहीत. मंडणगड किंवा दोडामार्गच्या टोकाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यात अख्खा दिवस जातो, म्हणून नुसत्या दाखल्यासाठी हा खटाटोप करू नये. तक्रार वैयक्तिक स्वरूपाचीच लागते, म्हणून प्रश्न वाडीचा असला तरी अर्ज आपल्या स्वतःच्या नुकसानीबद्दल करावा.

वारस नोंदीचे प्रकरण मात्र जपून हाताळावे, कारण कोकणात एकेका सातबाऱ्यावर कितीतरी सहहिस्सेदार असतात. फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतला बदल, नुसता पडून असेल तर टिपणीची प्रत मागून तो कोणाच्या टेबलावर थांबला आहे हे शोधता येते. पण एखाद्या भावबंदाने हरकत घेतली असेल तर तो विवादग्रस्त फेरफार ठरतो आणि त्याचा निर्णय सुनावणीनंतरच होतो. तो निर्णय विरुद्ध गेला तर वरील तिन्हींपैकी एकही मार्ग उपयोगाचा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 247 खाली 60 दिवसांच्या आत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावे लागते, आणि माहिती अर्जाच्या उत्तराची वाट पाहत बसल्याने ही मुदत थांबत नाही.